पाठाची पहिली पाच मिनिटे

देवबोडी,
सोमवार, ९ जानेवारी १९५६

काल आरमोरीच्या बाजारात भैयाजी मास्तर भेटले. ते तिथल्या शाळेत आहेत, ट्रेंड आहेत, म्हणजे शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले, आणि कोणतीही बातमी त्यांना पोस्टाच्या आधी कळते. वांग्याच्या ढिगासमोर उभे राहूनच म्हणाले, "मनसाराम, डिप्टीसाहेब फेब्रुवारीच्या पहिल्या हप्त्यात शाळा तपासाले दौऱ्यावर निघून राह्यले. जेवढे कच्चे मास्तर हायेत, सगळ्याईचा गनिताचा पाठ पाह्यनार. ज्याचा जमला तो जूननंतर राहीन. नाई जमला तो आपल्या घरी."

कच्चा मास्तर म्हणजे मी. वांगी न घेताच परत आलो.

इंग्रजी आठवीतून माझी शाळा सुटली. माजरीच्या कोळसाखाणीत मामांनी माझ्यासाठी हजेरीकारकुनाची जागा बोलून ठेवली आहे. खाली उतरावे लागत नाही म्हणतात. पण मला ही शाळा सोडायची नाही. एकच खोली आहे, चार वर्ग त्याच खोलीत बसतात, कौलांतून चिमण्या गवत टाकतात, तरी सोडायची नाही. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिले.

भैयाजींनी उपायही सांगितला. "डिप्टी सारा पाठ थोडाच पाहते? सुरुवात पाहते. पाच मिनिटाची प्रस्तावना कराची. तेवढ्यात पोट्टे गनितावर आले पाह्यजे. मंग हेतू सांगाचा, की आज आपन अमुक शिकू, आन् पाठ सुरू. पाच म्हन्जे पाच. साहेब घड्याळ काढून बसते."

म्हणजे सगळे प्रस्तावनेवर आहे. 'मिनिट' शब्दातले दोन्ही इकार ऱ्हस्व. कोशात पाहून घेतले.

बुधवार, ११ जानेवारी

पहिला प्रयत्न. शांतपणे वर्गात शिरलो, हात मागे बांधले आणि तिसरी-चौथीला विचारले, "मुलांनो, गणित म्हणजे काय?"

सगळे वाकून माझ्या हातातली छडी पाहू लागले. मग कोलू उठला. हा चौथीतला, अंगाने थोराड. म्हणाला, "गुरुजी, तुमी छडी हाती घेतली तं गनित, ठेवली तं गोष्ट."

सगळे हसले. मी छडी ठेवली. तेव्हा सगळ्यांनी एकदम "गोष्ट, गोष्ट" असा ओरडा केला. पाच मिनिटे संपली होती.

शुक्रवार, १३ जानेवारी

आज तांब्याभर चिंचोके नेले. तांब्या टेबलावर ठेवून विचारले, "यात किती असतील?" भैयाजी म्हणतात, मुलांचे कुतूहल जागे करावे. त्यातून 'दशक व एकक' या पाठाकडे वळायचे, असे मी लिहून काढले होते.

कुतूहल फार जागे झाले. कोलू म्हणाला हजार. मंगली (इस्तारीभाऊंची मुलगी, तिसरीत, बोलण्यात कोणाला हार जात नाही) म्हणाली, "हजार कदी पाह्यले का तुवा? दोनशेच्या आत हायेत." मग मोजायचे ठरले. कोलू मोजायला बसला, तर मंगली म्हणे हा मधातले आकडे खाते. चिंचोकेही खाते, हेही खरे निघाले. शेवटी तिनेच सगळ्यांना दहा-दहाचे ढीग करायला लावले, म्हणजे कोणाला चोरी करता येणार नाही. दहा ढीग झाले की एक रेघ. सगळी शाळा जमिनीवर पसरली. पहिलीतली पोरेसुद्धा ढीग करू लागली. एकशे त्र्याहत्तर निघाले आणि मंगलीचे बरोबर आले म्हणून कोलूने पुन्हा मोजायची मागणी केली.

तेवढ्यात सुट्टीची वेळ झाली. दशक व एकक शिकवायचे होते, ते राहूनच गेले. असे डिप्टीसाहेबांसमोर झाले तर संपलेच.

मंगळवार, १७ जानेवारी

भैयाजींची नवी युक्ती: फळ्यावर मुद्दाम चूक करावी, मुले चवताळून ती दुरुस्त करतात. मी लिहिले, सात आठे चोपन्न.

कोणी चवताळले नाही. सगळ्यांनी पाटीवर मुकाट उतरवून घेतले. मी पुन्हा पुन्हा फळ्याकडे बोट दाखवले, खोकलो. शेवटी मंगली हळूच जवळ आली. "गुरुजी, तुमाले बरं नाई का?"

संध्याकाळी इस्तारीभाऊ माझ्या खोलीसमोर आले. खोली त्यांचीच, त्यांच्या घराची पडवी. गावातल्या ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, ते मुख्य आहेत, आवाज मोठा. रस्त्यावरूनच म्हणाले, "गुरुजी, पाढे विसरून राह्यले म्हन्ते तुमी?"

"नाही हो भाऊ, ती प्रस्तावना होती."

"थंडीत होते तसं. अंगात घुसते." मागून ताराबाई सुंठीचा काढा घेऊन आल्याच. मी नको नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "प्या बापा. मास्तरचं डोकं बिघडलं तं आमच्या पोट्ट्याईनं कुठी जावं?"

पिऊन टाकला. आता गावात ही बातमी आहे. डिप्टीसाहेबांच्या कानावर न जावो.

गुरुवार, १९ जानेवारी

आजचा पाठ सर्वांत चांगला झाला. प्रस्तावना बरोबर पाच मिनिटांत आटोपली. शाळेच्या घड्याळावर पाहिले. तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरे मीच दिली, हेतू सांगितला आणि भागाकार सुरू केला. पूर्ण तास फळ्यावर सहा उदाहरणे सोडवली. अक्षर चांगले आले. कोणी चकार शब्द काढला नाही. कोलूला झोप लागली होती, पण तीही आवाज न करता.

डिप्टीसाहेब आजच आले असते तर!

मंगळवार, २४ जानेवारी

शाळेत पटावरची बत्तीस मुले. हजर दोन, तीही ताप आलेली म्हणून. बाकीची बोडीवर गेली होती. बोडी म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचे लहान तळे. पाणी उतरले की ढिवर लोक एकाच दिवशी सगळे मिळून जाळी टाकतात.

मुलांना हाकून आणावे म्हणून तिकडे गेलो. छडी घेतली होती. तिथे पोहोचलो तर वाटणी चाललेली. इस्तारीभाऊ उकिडवे बसून मासळीचे ढीग लावत होते आणि सगळी शाळा त्यांच्याभोवती उभी. एका ढिगातला मासा उचलून दुसऱ्यात टाकला की ओरडा होई, "भाऊ, तिकडं झुकलं! इकडं झिंगे टाका!" भाऊ म्हणत, "गप रे! मले का कमी दिसते?"

मला वाटले ते स्वतःला मोठा ढीग ठेवतील. तसे करता येत नाही, असे मंगलीने सांगितले. ढीग झाले की प्रत्येक घराने आपली काहीतरी खूण द्यायची. कोणी पान देते, कोणी बांगडी, कोणी विडीचे थोटूक. एक पोर पाठ फिरवून उभे राहते आणि न पाहता एकेक खूण मागे एकेका ढिगाकडे टाकते. ज्याची खूण ज्या ढिगावर, तो त्याचा. त्यामुळे ढीग लावणाऱ्याला एकही ढीग लहान करायची सोय नाही. बाळंतीण असलेल्या घरचा माणूस आला नाही तरी त्यांचा ढीग असतोच. आणि सगळीकडे सारखे होऊन जे दोन-चार मासे उरतात, ते तिथेच काठावर शिजवतात आणि तिथेच खातात.

"गुरुजी, तुमची खून द्या," कोलू म्हणाला. माझ्या खिशात खडूचा तुकडा होता. एवढ्या मासळीवर तो पडला तेव्हा मला लाज वाटली.

शाळेच्या वेळात मी बोडीच्या काठावर बसून मासे खाल्ले. लिहून ठेवतो. छडी कुठे राहिली ते आठवत नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी

बोडीवरून एक कल्पना सुचली होती, पण ती अंगावर आली.

'बाकी उरणारा भागाकार' हाच पाठ डिप्टीसाहेबांसमोर घ्यायचा ठरवला आहे. प्रस्तावना म्हणून विचारले, "पंचवीस मासे, सहा घरे. प्रत्येकी किती आणि बाकी किती?" क्षणात सगळ्या पाट्या वर! इतका उत्साह मी या खोलीत पाहिला नव्हता. पाट्या पाहत गेलो. प्रत्येकी चार, बाकी शून्य. प्रत्येकी चार, बाकी शून्य. एकूण एक पाटीवर शून्य.

"बाकी शून्य कशी? सहा चोक चोवीस, एक उरला ना?"

"उरला कुठी? शिजवला," कोलू म्हणाला.

"काठावर खाल्ला," दुसरा म्हणाला. "घरी नेला तं भांडन होते."

मी सांगितले की गणितात शिजवत नाहीत. त्यांना ते पटले नाही. मंगली कपाळाला आठ्या घालून बसली होती, म्हणाली, "गुरुजी, एक मासा सहा जनाईनं खाल्ला तं एकाच्या तोंडात केवढा गेला?" म्हटले, तो अपूर्णांक, पुढच्या वर्गाचा अभ्यासक्रम आहे, खाली बस. ती बसली, पण पाटीवर मासा काढून त्याचे तुकडे करत राहिली.

तीनदा समजावले, शून्य पुसले जात नाही.

गुरुवार, २ फेब्रुवारी

डिप्टीसाहेब उद्या येणार. मासे बंद केले. उद्या दगड वापरणार. दगड कोणी शिजवत नाही. बोडीच्या काठावरून पंचवीस गोटे निवडून आणले, धुतले. एक जरा मोठा आहे, तसाच घेतला. प्रस्तावनेची तीन वाक्ये पाठ केली आहेत. सदरा धुऊन वाळत घातला आहे. ताराबाई म्हणाल्या, "दहीभात खाऊन जा, बापा. तोंड पाहा कसं झालं!"

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

संपले. क्रमाने लिहितो.

साहेब सायकलवर आले. उंच, कोरडे, नागपूरकडचे बोलणे. टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले आणि खरोखरच घड्याळ काढून मांडीवर ठेवले. "करा सुरुवात."

मी दगड मांडले. "मुलांनो, हे पंचवीस दगड. सहा घरांत..."

"मरळ कोनता?" कोलू.

म्हटले, मरळ-बिरळ कोणताही मासा नाही, दगड. पण तो पुढे येऊन मोठा गोटा उचलून दाखवत होता. "हा मरळ. चार झिंग्याच्या बरोबर हाय. याले एक कसा धराचा?" सगळ्यांना ते पटले. मी साहेबांकडे पाहिले. ते घड्याळाकडे पाहत होते.

"मंग पंचवीस नाई," मंगली म्हणाली. "चोवीस, आन् मरळचे चार. अठ्ठावीस."

मी पुन्हा पहिले वाक्य सुरू केले. पण तिचे लक्ष साहेबांकडे. "आन् सायेब आले तं त्याईचा बी ढीग लागन. पाहुन्याले ठेवाच लागते. सात घरं झाले." आणि सरळ त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "सायेब, तुमची खून द्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग खिशातल्या फाउंटन पेनचे टोपण काढून तिच्या हातावर ठेवले.

पाठ सहा घरांचा होता. सात घरे, अठ्ठावीस, चार-चार. काहीच उरले नाही. माझा पाठ बाकी उरणाऱ्या भागाकाराचा, आणि बाकीच नाहीशी झाली!

एका मुलाने पाठ फिरवून खुणा टाकल्या. टोपण पडले मोठ्या गोट्यापाशी. साहेब खुर्चीवरून वाकले. "म्हणजे मला एकच? यांना चार-चार आणि मला एक?"

"सायेब, मरळ हाय तो!" कोलू इतक्या कळवळून बोलला की मला ऐकवेना. "नशीब काढलं तुमी!"

"मी मासे खात नाही," साहेब म्हणाले.

मग जे सुरू झाले ते सांगता येत नाही. एक म्हणे, सायबाचे चार परत सहा घरांत टाका. दुसरा म्हणे, चार सहांत पुरत नाहीत. मंगली म्हणे, पुरतात, तुकडे करा, प्रत्येक झिंग्याचे तीन. पहिलीतले एक पोर म्हणाले मांजरीला द्या, तर मांजर हे सातवे घर धरायचे की नाही यावर दोन पक्ष पडले. साहेब केव्हा खाली जमिनीवर येऊन बसले ते मी पाहिले नाही. ते विचारत होते, "तीन-तीन तुकडे केले तर एकूण किती? आणि एका घराला किती?" आणि मुले एकमेकांच्या पाट्यांवर लिहीत होती. घड्याळ खुर्चीवर पडले होते. तास संपल्याची घंटा मीच द्यायची असते, तीही राहिली.

शेवटी साहेब धोतर झटकून उठले. "मास्तर, तुमचा पाठ सुरूच झाला नाही."

"नाही साहेब."

"प्रस्तावनेतच तास गेला."

"होय साहेब."

बाहेर सायकलपाशी म्हणाले, "पंधरा तारखेला आरमोरीला सर्कलचे सगळे मास्तर जमतील. त्यांच्यासमोर हे असेच करून दाखवा. दगड घेऊन या. आणि जूनपासून तुम्हाला दोन वर्षे नॉर्मल स्कूलला, मास्तरकीच्या शिक्षणासाठी, जावे लागेल. नाव मी पाठवतो. नोकरीची काळजी करू नका."

पाठ कसा घेऊ नये, ते सर्वांना दाखवण्यासाठी मला उभे करणार. आणि मला इतके कमी येते की शाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून बसवणार. नोकरीची काळजी करू नका, हे माझ्या मावसभावालाही त्याच्या साहेबांनी म्हटले होते. तो आता घरीच असतो.

पेनचे टोपण मंगलीकडे राहिले. उद्या पोस्टाने पाठवावे लागेल.

रविवार, ५ फेब्रुवारी

भैयाजी सायकलने आले. सगळे सांगितले. नॉर्मल स्कूलचे ऐकून त्यांचा चेहरा पडला. चहाची कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "मले त्या नावासाठी चार वर्सं चकरा माराव्या लागल्या. तुयं एका तासात?" माझ्यासाठी त्यांना इतके वाईट वाटले की पुढ्यातला चहा तसाच निवला. मित्र असावा तर असा.

इस्तारीभाऊंना सांगितले की जूनपासून दोन वर्षे मी नसेन. ते "कोनाची हिंमत हाय?" म्हणून उठले. त्यांना खाली बसवून समजावले की दोष माझाच.

बुधवार, १५ फेब्रुवारी

सकाळी मुलांना सुट्टी दिली आणि दगडांची पिशवी घेऊन बैलगाडीने आरमोरीला गेलो.

चाळीसेक मास्तर. टोप्या, उपरणी, काहींच्या हातात वह्या. साहेबांनी माझे नाव पुकारले, एवढेच. मी दगड मांडले, तीन वाक्ये म्हणायला तोंड उघडले, आणि एकही आठवेना. मग आपोआप तोंडून आले, "प्रत्येकाने आपली खूण द्या."

त्यांनी दिल्या. सुपारी, किल्ली, चष्म्याचे घर. एक म्हातारे मास्तर विडी देऊन म्हणाले, "परत पाह्यजे बरं." ढीग लावायला मी भैयाजींना बसवले. आणि काय सांगू, ट्रेंड माणसे, पण एका मिनिटात सगळे उभे! "भैयाजी, तिकडं झुकलं!" "भैयाजी, मोठा गोटा कोनाले ठेवून राह्यले?" भैयाजी घामाघूम होऊन ओरडत होते, "मले का कमी दिसते?" मी सांगत राहिलो की ही फक्त प्रस्तावना आहे. कोणी ऐकले नाही. जेवणाची हाक आली तरी दोघे मास्तर एका गोट्याच्या किमतीवरून हमरीतुमरीवर होते. साहेब खिडकीपाशी उभे राहून पाहत होते, मिशीवर हात होता.

माझा पाठ तिथेही सुरू झाला नाही.

जेवताना भैयाजी माझ्या शेजारी बसले. आज ते पूर्वीसारखे होते. म्हणाले, "अरे येड्या, नॉर्मलले नाव गेलं म्हन्जे शिक्षा नाई. दोन वर्सं दरमहा पैसे भेटते, परत आला का कायम. तुले कोनी हालवत नाई." ते माझे मन राखायला म्हणतात, की खरे, हे अजून नीट ठरवता येत नाही. पण गाडीत बसल्यावर पहिल्यांदा भूक लागली. मामांना माजरीला कळवावे का? दोन दिवस थांबून कळवतो.

चार वाजता देवबोडीला उतरलो. शाळेला सुट्टी, पण आतून गलका येत होता. दारात गेलो. सगळी पोरे हजर. मंगली माझ्या जागी उभी होती, आणि फळ्यावर तिने मोठ्या अक्षरांत 'गुरुजी' लिहिले होते. दोन्ही उकार ऱ्हस्व, शेवटची वेलांटी दीर्घ. बरोबर.

"गुरुजी जूनमंदी जाईन," ती सांगत होती. "दोन वर्सं. दिवाळीत येईन, उन्हाळ्यात येईन. मंग आपल्याजवळ किती दिवस राह्यले, आन् तिथी किती?"

"मंडईच्या जत्रेले बी येईन!" कोलू ओरडला. "मंडई धरली नाई तुवा!"

"मंडईची सुट्टी नसते तिथी."

"नसली तरी येईन. पयून येईन."

"पयून आला तं धराचा का नाई धराचा?" कोणीतरी विचारले, आणि पुन्हा दोन पक्ष पडले. पाट्या खडखडू लागल्या. कोणी उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस बोटांवर मोजत होते, कोणी ओरडत होते की रविवार दोनदा धरले.

माझ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. घड्याळ पाहिले. पाच मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. मध्ये बोलणे बरे नव्हे, म्हणून ठरवले, एवढी प्रस्तावना संपू द्यावी, मग आत जाऊन भागाकाराला सुरुवात करावी. पिशवी खाली ठेवली, उंबऱ्यावर बसलो, आणि वाट पाहत राहिलो. अंधार पडून फळ्यावरचे दिसेनासे झाले तरी ती प्रस्तावना संपली नाही.